कळवतो

लवंगेच्या तेलात भिजवलेला बोळा जिभेला लागला — चिंचोक्याएवढाही नाही, पण अख्ख्या तोंडाचा मालक होऊन बसलेला — आणि आप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सहावी फेरी. नस मारायला एक, मेली की नाही ते पाहायला दुसरी, मग दाढेच्या मुळांतून केसासारख्या सुया फिरवायला... एवढ्या फेऱ्यांत सोनार नथ घडवून देतो.

"आ करा, आप्पा. अजून मोठा."

गोड आवाज. मुंबईहून शिकून आलेला, रत्नागिरीत दातांचं दुकान — दुकानच ते — थाटून बसलेला श्याम. पाच वर्षांमागे ह्याच्याच वडिलांनी ह्याची पत्रिका आणली होती, आपल्या उल्कासाठी. तेव्हा माजघरात आप्पा पोट धरून हसले होते : लोकांच्या तोंडात बोटं घालणारा जावई कोणाला हवाय! आता तीच बोटं... कार्बोलिक साबणाचा वास येणारी, थंड, सभ्य.

सुई आत गेली. कानामागून डोळ्यापर्यंत कळ सणकली. मेलेली नस दुखते कशी? की हा मेली म्हणतो आणि थोडी जिवंत ठेवतो — आठवणीने? चेहऱ्यावर एक आठी नाही लेकाच्या. रागावला असता तर बरं झालं असतं. चार शब्द त्याने बोलावे, सहा मी बोलावे, मोकळे. पण हा वाकून विचारतो, "दुखतंय का?" आणि तोंडात कापूस कोंबलेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं?

दर फेरीला घरून ठरवून निघायचं, आज विषय काढायचा. आणि दर फेरीला हा कापूस.

शेवटी बोळा बदलला. पिंकदाणीत थुंकून, बधिर ओठांनी, आप्पांनी एका दमात उरकलं : "हे संपणार कधी रे? आणि... उल्का अजून घरीच आहे. तुला ठाऊक असेलच."

श्याम हात पुसत होता. एकेक बोट वेगळं.

"कळवतो," तो म्हणाला.

जिना उतरल्यावर आप्पांच्या लक्षात आलं, 'येतो' म्हणायचं राहिलं. कळवतो — कशाचं? दाढेचं की... हा शब्द उचलला कुठून ह्याने? ओटीवर सुपारी कातरत आपणच तर ह्याच्या वडिलांना म्हणालो होतो. पत्रिका जुळत नाही म्हटलं असतं तर माणूस टोपी घालून उठला असता. 'कळवतो' म्हटल्यावर तो बिचारा आषाढापर्यंत वाट... छे, बिचारा कसला!

घरी आनंदीबाईंनी पेज पुढे ठेवली. "काढलात विषय?"

"काढला."

"मग?"

"कळवतो म्हणाला."

बायको पदराआड हसली. "चांगलं शिकवलंत हो त्याला!"

"तू गप्प बस."

"गप्पच होते की मी. तेव्हासुद्धा." पुढचं बोलणं तिने पेजेत तूप वाढून बुजवलं. मागल्या दारी उल्का भांडी घासत होती. आवाज मध्येच थांबला, मग जरा जोराने सुरू झाला.

संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या आप्पांना जाणवलं, दाढ शांत आहे. ठणका नाही, सूजही उतरलेली... म्हणजे आता बोलावणं येणार नाही? त्यांनी जिभेने बोळा दाबून पाहिला. पुन्हा, जोराने. दुख की गं मेले, ते मनात म्हणाले, थोडी तरी दुख.