महिपतीचा टाक

सोजरबाईचं म्हणणं एवढंच, की सून रोज आंघोळ झाली की आतल्या खोलीत जाऊन कडी लावते ती कशाला? चुलीवर दूध उतू जातं, दारात म्हैस हंबरते, आणि ही बया आत. एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेला, एक दसरा होऊन दुसरा आला, पण कुंभारीत कुणी केराबाईच्या डोळ्यांत टिपूस पाहिलं नव्हतं. "दगड हाय दगड," सोजरबाई आल्यागेल्याला सांगायची. "घरात दूध टिकत न्हाय, देवाचं कुंकू टिकत न्हाय. ध्यान कुटं असतं कुणास ठावं!"

खरी सल वेगळीच होती. महिपतीला मरणामागं सेना पदक मिळालं, तेव्हा साहेबानं ती पेटी सुनेच्या हातात दिली. आई शेजारीच हात पुढं करून उभी. ते हात तसेच राहिले. घरी आल्यावर केरानं पेटी ट्रंकेत तळाशी घातली.

आणि इकडं देव्हाऱ्यात महिपतीची जागा रिकामी. गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करायचा, देवांच्या शेजारी बसवायचा, सणाला निवद दाखवायचा, ही घरची रीत. सोजरबाईचा सासरा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला होता. तिथून त्याला राजाचं मुंडकं असलेलं चांदीचं पदक मिळालं. तो वारल्यावर तेच आटवून त्याचा टाक घडवला. राजाचं मुंडकं वितळलं आणि मामंजी घोड्यावर बसून देव्हाऱ्यात आले, असं ती ठसक्यात सांगायची. महिपतीला तर तिकडंच सरहद्दीवर अग्नी दिलेला. आईनं तोंडही पाहिलं नाही. टाक झाला नाही तर तो टेकायचा कुठं?

घटस्थापना तोंडावर आली. केरा खुरपायला गेली तशी सोजरबाईनं ट्रंक उघडली, पेटी ओच्यात खोवली आणि सोलापूरची एस.टी. धरली.

मामंजींचा टाक महादेवप्पा सोनाराच्या बापानंच घडवला होता.

"आटव," ती म्हणाली. "घोड्यावर बसलेला कर. मिशा झोकदार पाहिजेत."

महादेवप्पानं पदक उलटंसुलटं केलं. एका अंगाला संगीन, दुसऱ्या अंगाला पहाऱ्यावरचा शिपाई, वर लाल फीत, मधून पांढरी रेघ.

"अव्वा, हे आटवायचं नसतंय. सरकारनं दिलेलं हाय."

"पोरगा माझा हुता. त्यो घेतला तवा सरकारनं मला इचारलं का?"

सोनारानं शेगडी फुंकून मूस तापत ठेवली. फीत काढून त्यानं मळ निघावा म्हणून पदक रिठ्याच्या पाण्यात घातलं आणि घासू लागला. पाणी लाल झालं.

"रंग सुटला का रं?"

"चांदीला कसला रंग?" त्यानं भिंग डोळ्याला लावलं. "कडेवर नाव कोरलंय, महिपतीचं. त्या अक्षरांत कुंकू बसलंय, अव्वा. थरावर थर. रोज कुणीतरी लावतंय."

सोजरबाईनं पदक हिसकून घेतलं. कडेवरनं बोट फिरवलं. त्यावर लेकाचं नाव आहे हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. तार आली त्या दिवशी सुनेचं कपाळ तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं होतं, कातडं सोलवटेस्तोवर. केरा रडली नव्हती. नुसता कपाळाला हात लावून बघत राहिली होती.

"मूस तापलीया. घालू का?"

"इजव ती," सोजरबाई म्हणाली.

ती घरी आली तेव्हा आतल्या खोलीत लुगडी विस्कटलेली, ट्रंक पालथी, आणि त्या पसाऱ्यात केरा बसलेली. रडून रडून तोंड सुजलं होतं. या रडण्याची सोजरबाईनं केवढी वाट पाहिली होती! आता तिच्यानं बघवेना.

तिनं पेटी सुनेच्या मांडीवर ठेवली. देव्हाऱ्यातली कुंकवाची कोयरी आणून शेजारी मांडली.

"सोनारानं घासलं. सगळं निघालं. एकदा तुजं कपाळ पुसलं, आज ह्ये पुसलं. दोनी बारी मीच." तिचा आवाज फाटला, तो तिनं खाकरून सरळ केला. "टाक नगं आता. त्यो टेकलाय तुज्यापाशी. उद्यापासनं कडी लावू नगंस, मला बघू दे. आन् ऐक केरे, सरकारनं जन्मात एकच काम बरुबर केलं. ती पेटी माज्या हातात दिली न्हाय."