नवाकोरा राहिलेला पंप

मित्रांनो, जुना म्हणावं तर माझं वय झालेलं नाही आणि नवा म्हणवून घ्यायची मला लाज वाटते. मी कल्याणकडच्या मोहने गावाजवळ, नदीकाठच्या पंपघरातला राखीव पंप. माझा थोरला भाऊ रात्रंदिवस टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचा. तो बंद पडला तर मी लगेच कामाला लागायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

कोइंबतूरच्या कारखान्यात चाचणीच्या वेळी मी असा काही फिरलो, की कारागीर खूश झाले. मग ट्रेलरवर बसून इथं आलो. पंपघर आणि आम्ही दोघं सरकारचे. चालवायचं एका खासगी कंपनीनं, आणि करार संपला की सगळं सुस्थितीत परत करायचं, अशी बोली होती.

कंपनीचे व्यवस्थापक गुरुदत्त साहेब फार सज्जन माणूस. शेजाऱ्याचं भांडं घासूनपुसून परत करावं, हे त्यांच्या घरचं वळण. सरकारी खात्याच्या इंजिनियर मंजुळा मॅडमना ते पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, तुमची वस्तू आहे. नवीकोरी परत देतो बघा!"

"मग त्याचं प्लास्टिक काढूच नका ना," मॅडम म्हणाल्या. "आमच्या सोफ्याचं अजून काढलेलं नाही मी."

झालं! मला चालवून झिजवायचं नाही, असं ठरलं. पंप चालवणारा जेराल्ड रोज सकाळी माझं प्लास्टिक प्रेमानं पुसायचा. दसऱ्याला झेंडूचा हार मला, तोही भावापेक्षा मोठा. पाहुणे म्हणायचे, "वा, काय ठेवलाय!" आणि मी मूर्ख, फुगायचो. आत दमट हवा कोंडून माझा फिरायचा दांडा गंजत चालला होता, ते मला कळत होतं. पण कौतुकाची चटक वाईट हो. एकदाही कुरकुरलो नाही.

जेराल्डची बायको सुझाना टेकडीवरच्या केंद्रात डायलिसिसला जायची. त्या मशीनला पाणी भरपूर लागतं, आणि ते आमच्याच टाकीतून जायचं. मे महिन्यातल्या एका दुपारी ती तिथं असतानाच माझ्या भावाचं बेअरिंग गेलं. जेराल्ड घाबरला नाही. "आपला राखीव आहे ना!" म्हणत त्यानं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बटण दाबलं.

मी नुसता गुरगुरलो. फिरलो नाही.

"अरे फिर ना रे! फिर बाबा!" त्यानं मोठा पाना लावून जोर केला. गुरुदत्त साहेब धावत आले, तेही घामाघूम होईपर्यंत ओढत राहिले. मी जागचा हललो नाही. तोवर टाकी रिकामी झाली आणि सुझानाचा फोन आला.

"जेराल्ड, इथलं पाणी संपलं रे. मला अर्ध्यातच मशीनवरून काढलं. दम लागतोय मला."

तिला रुग्णवाहिकेतून कल्याणला नेलं. देवाची कृपा म्हणून वाचली, पण फार भोगलं तिनं. जेराल्ड माझ्याशेजारी मटकन बसला. "एवढी वर्षं नुसता पुसत राहिलो याला," म्हणाला आणि रडला. मंजुळा मॅडमही आल्या. चूक तुमची की आमची, हे विचारायला कुणाला तोंडच उरलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मग मला उघडून दुरुस्त केलं. आता दर सोमवारी साहेब आणि मॅडम दोघं समोर उभे राहतात आणि मी पाणी चढवतो. तेलाचे डाग पडलेत, रंग उडालाय. पाहुणे माझ्याकडे बघतही नाहीत.

परवा सुझाना जेराल्डचा डबा घेऊन आली. वाळलीय बिचारी. "हाच का तो?" तिनं विचारलं. वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. पण ती म्हणाली, "चालू कर, बघू दे मला."

मी फिरलो. तिनं माझ्या अंगावर हात ठेवला, थोडा वेळ ऐकत राहिली. "चांगला चालतोय की," ती म्हणाली. "मग त्या दिवशी काय झालं होतं याला?"

मला बोलता येत नाही. जेराल्डला येतं, पण त्यानं मला पुसायचं फडकं उचललं आणि तसंच परत खाली ठेवलं.

मित्रांनो, अडीअडचणीसाठी म्हणून तुम्ही काही जपून ठेवलं असेल, तर ते आजच एकदा चालवून बघा. झिजलं तर झिजू द्या. सुझानाचा तो प्रश्न तुम्हाला कुणी विचारू नये, एवढंच माझं मागणं आहे.