मामंजींच्या खिशातला खडू

आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम आहे. धातू ज्याने निवडला, त्याने त्यावर खडूने आपली खूण करायची आणि वस्तू तयार झाली की सगळ्यांत आधी त्यानेच तिच्यावर उभं राहायचं. मग ती शिडी असो, नाहीतर जिना. नियम माझ्या सासऱ्यांनी केला आणि गेली तीस वर्षं खडू त्यांच्याच खिशात आहे. मी इथे अकरा वर्षं वेल्डिंग करते. माझ्या जोडाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. पण धातू निवडायची वेळ आली की मामंजी खिसा चाचपतात आणि मी गप्प बसते. म्हणजे तोंडाने गप्प. मनात काय काय बोलते ते लिहिण्यासारखं नाही.

या वेळी बंदराचं काम आलं होतं. धक्क्यावरून बोटीत चढायचा ॲल्युमिनियमचा छोटा पूल. आधी एक मीटरचा नमुना करून बघायचा आणि मग अख्खा पूल.

"सत्तर-पंच्याहत्तर!" मामंजींनी जाहीर केलं. "विमानाला वापरतात. एवढं विमान तोलतो तो, माणसं तोलणार नाही?"

मामंजींचा हिशोब सोपा आहे. मिश्रधातूचा नंबर जितका मोठा, तितका धातू चांगला.

"विमानात तो रिव्हेट ठोकून जोडतात, मामंजी. वेल्डिंग केलं की तडकतो. त्यात खाली खारं पाणी. आपण पन्नास-त्र्याऐंशी घेऊ. बोटींचे तळ त्याचेच असतात."

"तो मऊ."

"मग जाड घेऊ."

"काल आलेल्या पोरीने मला धातू शिकवावा?"

अकरा वर्षांपूर्वीचा काल! माझं डोकं असं तापलं की वेल्डिंगला वीज लागली नसती. "मग जोडही तुम्हीच मारा," म्हणाले आणि भंगारात पडलेले दोन्ही धातूंचे तुकडे मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकून बादली कपाटामागे सरकवली. रोज मूठभर मीठ घालत राहिले.

तीन आठवड्यांनी सत्तर-पंच्याहत्तरचा माल आला आणि मामंजींनी स्वतः वेल्डिंग केलं. खोटं कशाला बोलू, जोड देखणा होता. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात नमुन्यातून आवाज आला. टक्.

"पाल असेल," मामंजी कपात बघत म्हणाले.

"पाल चुकचुकते," सासूबाई म्हणाल्या. "टक् करत नाही."

मामंजी उठले, कानस घेतली आणि जोड घासून घासून आरशासारखा केला. बारीक चीर दिसेनाशी झाली. मला दिसली होती आणि मला दिसली हे त्यांनाही दिसलं होतं. पण कबूल करतील तर ते मामंजी कसले!

दुसऱ्या दिवशी नमुना दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. मी खाली रिकामी पोती पसरली.

"पोती कशाला?"

"झटकायला काढलीत."

ब्याण्णव किलोंचे मामंजी चढले. छाती पुढे काढून तीन सेकंद उभे राहिले आणि चौथ्या सेकंदाला पोत्यांवर बसले होते. पायाखाली नमुन्याचे दोन तुकडे. सासूबाईंनी धावत येऊन त्यांचे हातपाय हलवून पाहिले आणि सगळं शाबूत आहे म्हटल्यावर पोट धरून हसल्या. "पाल पडली गं, पाल!"

मी हसले नाही. हसू फार येत होतं, पण त्यांचा चेहरा बघवला नाही. मी बादली आणून समोर ठेवली. सत्तर-पंच्याहत्तरच्या तुकड्यावर पांढरे डाग आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. दुसरा, पन्नास-त्र्याऐंशीचा, होता तसाच होता.

"म्हणजे माझं मीठ इथे येत होतं होय!" सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी दुसरा तुकडा बराच वेळ हातात फिरवला. मग खिशात हात घातला. पडताना खडूचे दोन तुकडे झाले होते. त्यातला मोठा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"खूण कर. पण लक्षात ठेव, उभं तूच राहायचंस."

अकरा वर्षं ज्याच्यासाठी धुसफुसले, तो खडू हातात आला आणि माझी पाचावर धारण बसली. चुकले तर मामंजींसारखं कपात बघत बसण्याची पाळी माझी होती. नवरा शाळेत गणित शिकवतो. प्लेटच्या जाडीचं गणित त्याच्याकडून तीनदा तपासून घेतलं. चौथ्यांदा त्याने हात जोडले.

महिन्याभराने पूल बंदरावर बसला. इंजिनिअर बाई वही घेऊन उभ्या होत्या. मी चढले. खाली हिरवं पाणी हलत होतं. मधोमध जाऊन थांबले. टाचा आपटून पाहिल्या, एकदा उडीही मारली. पूल हूं की चूं करेना. आनंदाने मला रडूच आलं, मग डोळ्यांत वारा गेल्यासारखं केलं.

मागे वळून पाहिलं तर मामंजी काठाशी उभे होते. एक पाय उचललेला, पण अजून पुलावर न टेकवलेला.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

"या मामंजी," मी म्हणाले. "तोलेल."