खिडकीजवळची खाट

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजींना रक्तदाबाची गोळी दिली. गोळी बरोबर होती, मात्रा बरोबर होती, वेळही. आजी तेवढ्या दुसऱ्या होत्या.

"आज पांढरी काय गं? माझी पिवळी असते," पाणी पिऊन झाल्यावर आजी म्हणाल्या.

मुलीने त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचली. आठ नंबर.

"आजी, तुम्ही या खाटेवर कशा?"

"पहाटे अदलाबदल केली. इथून फाटक दिसतं. लेक येतोय माझा."

"चार दिवस येतोच आहे," शेजारून खऱ्या नऊ नंबरच्या आजी म्हणाल्या. "म्हटलं, घे बाई खिडकी."

आधी पट्टी वाचायची, नाव पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचं, हे तिला तोंडपाठ होतं. पण आज नाव तिनेच घेतलं आणि फाटकाकडे बघत आजींनी मान हलवली. तिला घाई होती. खिशात दोन दिवसांच्या रजेचा कागद होता. गावाची बस दिवसाला एकच, दहाची. आठ महिन्यांत आई दिसली नव्हती. "ये, केस विंचरून देते," रात्री आई फोनवर म्हणाली होती.

पाहिलं कोणीच नव्हतं. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. ती सिस्टरांकडे गेली.

"पट्टी वाचली नव्हतीस?"

"नाही."

"स्वतःहून सांगितलंस, बरं केलंस. डॉक्टरांना कळवते. आजींना झोपवून ठेव, दर अर्ध्या तासाने रक्तदाब तू घ्यायचा. आकडा सावरेपर्यंत हलायचं नाही."

"सिस्टर, माझी दहाची बस..."

"मग आजींना सांग, बस आहे म्हणून."

तिने आजींना सांगितलं ते वेगळंच. "चुकून दुसऱ्यांची गोळी दिली मी तुम्हाला. उठू नका, गरगरेल."

आजी आडव्या झाल्या. "आडवं पडलं की फाटक दिसत नाही गं."

"मी बघते ना."

नऊ वाजता वरचा आकडा एकशे चार आला. साडेनऊला शहाण्णव. दहाला अठ्ठ्याण्णव.

"आला का?"

"नाही अजून."

खिशात फोन थरथरला. आईचा मेसेज होता : बसलीस का?

दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत फाटकातून कोणी आलं नव्हतं, मेसेजला उत्तर गेलं नव्हतं, आणि साडेदहाचा आकडा घ्यायचा बाकी होता.