नवरा समजून धरलेली मासोळी

मित्रांनो, आधी शपथ घेते. या ओढ्याची शपथ, माझ्या मिशांची शपथ, पुढं सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. जो हसेल त्याच्या घशात काटा अडको.

मी एक जुनी चिलखती मासोळी आहे. बोटाएवढी. रिओ नेग्रो नदीला मिळणाऱ्या, कोऱ्या चहाच्या रंगाच्या ओढ्यात जन्मले. अंगावर खवले नाहीत, कौलं रचावीत तशा हाडाच्या पट्ट्या. बाईमाणूस असून मिशा आहेत. डोळा मिचकावते. वर येऊन हवेचा घोट घेते न् तो आतड्यात जिरवते. खोटं वाटतंय ना? आणखी ऐका. मी घाबरले की अंगातून विष सुटतं. वाहत्या पाण्यात ठीक आहे, पण भांड्यात सापडले तर ते आधी मलाच मारतं. म्हणून जन्मभर मला भीतीचीच भीती.

आमच्या थव्यात सगळ्यांच्या पाठीवर एकसारखा काळा पट्टा. बहुतेक आखूड नाकाच्या, माझ्यासारख्या लांब नाकाच्या थोड्या. असं का, ते कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

जोवेलिनामावशी होडीतून यायची न् शहरातल्या शोभेच्या टाक्यांसाठी आम्हाला जाळीनं उचलायची. एकदा मीही सापडले. त्याच दिवशी मनाउस शहरातून तायनारा आली. कोणता मासा कोणत्या घराण्यातला, हे ठरवायचं तिचं काम. हातात स्पिरिटची बाटली, मेलेला मासा बुडवून जपायची. तिच्याकडं बघूनच माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

तायनारा टबात वाकली. "मावशी, यात दोन जाती आहेत. नाकं बघा."

"एकच जात गं. आखूड नाकाच्या बायका, लांब नाकाचे नवरे. माझी आई असंच सांगायची."

"नवरे एवढे थोडे?"

"आमच्या गावात जाऊन बघ की. घरी किती सापडतात?"

तायनारा हसली, पण मला उचलून काचेच्या डबीत टाकलंच. भिंग लावलं, नाक मापलं, पट्ट्या मोजल्या. "हिचं घराणंच निराळं दिसतंय. एक नमुना बाटलीत न्यावा लागेल."

माझे काटे ताठ झाले. घाबरू नको बये, मी स्वतःला सांगत होते, घाबरलीस तर बाटलीचीही गरज उरणार नाही. पण सांगून कुणाची भीती गेलीय? पाण्यावर फेस धरला. कल्ले जड झाले.

"पाणी बदल आधी," मावशी ओरडली. "स्वतःच्याच विषात मरतेय ती." तिनं ओल्या तळव्यावर मला घेतलं न् थबकली. "अगं, हिचं पोट बघ. नवऱ्याच्या पोटात अंडी?"

"म्हणजे ही बाई आहे, मावशी. लांब नाकाच्या बायका, लांब नाकाचे नवरे. संसारच वेगळा."

"म्हणजे आई चुकली म्हणायची." मावशीनं माझं पोट पुन्हा निरखलं. मग म्हणाली, "पण पोटुशीला आम्ही उचलत नाही. ही बाटलीत जायची नाही."

"नमुन्याशिवाय नाव कसं देऊ?"

"नाव राहू दे तुझ्याकडं. मासोळी माझ्या ओढ्यात राहील."

तायनारानं माझ्या पराचा इवलासा तुकडा कापून घेतला, फोटो काढला. मावशीनं मला ओढ्यात सोडलं. बाटली रिकामीच परत गेली.

आता मी म्हातारी झाले. मिशा झिजल्या. आमच्या घराण्याला स्वतःचं नाव मिळालंय म्हणे. मित्रांनो, तुमच्या टाकीत माझ्यासारखी कुणी आली, तर चिलखत बघून हिला काय होणार, असं समजू नका. हात ओला करून धरा. पाणी फेसाळलं तर बाकी सगळं राहू दे, पाणी बदला. आणि पट्टा सारखा दिसला तरी नाक बघा.

बरं, शपथ घेतलीय म्हणून एवढं सांगते. बाटली रिकामी गेली, तेवढं मी रचून सांगितलं. टबात लांब नाकाची अजून एक होती. तिच्या पोटात अंडी नव्हती. आमचं नाव तिच्या बाटलीवर लिहिलंय.