नवव्या मिनिटाचा होकार

दुपारी तीनला लाँड्रीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कपडे घेऊन आलेले थोडेच. बाकी सगळे तीन नंबरच्या ड्रायरकडे डोळे लावून बसलेले. ड्रायर घरघरत होता आणि त्याच्या काचेवर तळहात टेकून निरोप्या डोळे मिटून उभा होता. मेलेल्यांचे निरोप आणतो, म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिलं होतं.

"आलात का? या, या, लाजू नका, सगळी घरचीच माणसं आहेत," तो लाडीगोडीनं म्हणत होता. "तिकडं हवापाणी कसं आहे? मानवतंय ना?" असं बराच वेळ चऱ्हाट वळून झाल्यावर त्यानं आवाज चढवला, "बाई पुन्हा विचारतायत, ती छातीतल्या गाठीची तपासणी टाळायची का? हो असेल, तर यंत्र थांबवा!"

पाचसहा गिरक्या झाल्या आणि ड्रायर खट्कन थांबला.

गर्दीतून "अहाहा!" उठलं. लाँड्रीवाल्या बाईंनी पदरानं डोळे टिपले. सात महिन्यांपूर्वी नवरा बसल्या जागी गेला, तेव्हापासून या माणसांनी भरलेल्या दुकानात त्या एकट्याच होत्या. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. त्या एक टोक दाराच्या कडीला अडकवून घालत. अशात तीन नंबर मधेच थांबू लागला. निरोप्यानं ते हेरलं आणि बाईंना पुन्हा कुणीतरी उत्तर देऊ लागलं.

गाठीची गोष्ट त्यांच्या तोंडून फोनवर नणंदेकडे निसटली होती. "डॉक्टर तपासणी कर म्हणतात, पण त्यांनी नको म्हटलंय."

"कुणी?"

"तुमच्या भावानं."

नणंद यंत्रं दुरुस्त करणारी, तोंडानं फटकळ. दुसऱ्याच दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन ती येऊन थडकली आणि आता गर्दीत मागं उभी राहून मनगटावरचं घड्याळ बघत होती.

ड्रायर निवल्यावर निरोप्यानं पुन्हा सुरू केला.

"काका, आता लगेच विचारा की," नणंद म्हणाली.

"ताई, आत्म्याला घाई चालत नाही."

"त्याला नाही चालत, की तुम्हाला? मघाशीही नववं मिनिट, आताही तुम्ही नवव्याचीच वाट बघणार. थांबा जरा." तिनं ड्रायर उघडला, आतल्या दोन साड्या काढल्या आणि ओली जाडजूड ब्लँकेटं कोंबली. "हं, चालू द्या."

नवव्या मिनिटाला निरोप्यानं प्रश्न टाकला. ड्रायर फिरतच राहिला. त्यानं प्रश्न पुन्हा टाकला, मग विनवणी केली. कपाळाला घाम फुटला. चौदाव्या मिनिटाला तो हात जोडून म्हणाला, "रागावला असाल, तर थांबू नका!"

आणि ड्रायर थांबला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. नणंदेनं प्लग उपसला, मागचा पत्रा खोलला आणि नखाएवढा एक तुकडा काढून पिशवीतल्या मीटरला जोडला आणि सर्वांना दाखवला. "हा तापमान मोजणारा सेन्सर. हा जसा तापेल, तसा विजेला होणारा अडथळा कमी होतो, म्हणून मीटरवरचा आकडा सावकाश उतरायला हवा. बघा." तिनं त्याच्यावर केस वाळवायचं यंत्र धरलं. आकडा उतरत गेला, उतरत गेला आणि एकदम गायब झाला. जणू तारच तुटली. निवल्यावर परत आला. "आत तडा गेलाय. तापला की फाकतो, निवला की जुळतो. तापमान कळेनासं झालं की आग लागू नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करतं. हलके कपडे लवकर तापतात, ओली ब्लँकेटं उशिरा. प्रश्नाचा काडीचा संबंध नाही."

"पण तो तडा कदाचित त्यांनीच..." निरोप्या पुटपुटला.

"माझा भाऊ असता, तर त्यानं सेन्सर चुटकीसरशी बदलला असता!"

हशा पिकला. तो ओसरेपर्यंत निरोप्या मागच्या दारानं पसार झाला होता. हळूहळू लोकही पांगले.

बाई मात्र हसल्या नव्हत्या. "वन्सं, मला अगदीच कळत नव्हतं असं नाही. पण अख्ख्या दिवसात माझ्याशी कुणी काही बोलायचं, तर तेवढंच."

नणंदेचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला. "फोन माझ्याकडेही होता गं. तुझा आवाज ऐकला की तो आठवायचा, म्हणून मी टाळत राहिले."

तिनं नवा सेन्सर बसवला आणि साड्या आत टाकल्या. दोघी स्टुलावर बसून बघत राहिल्या. नववं मिनिट आलं. बाईंनी श्वास रोखला. नववं मिनिट गेलं. ड्रायर गरगरतच राहिला, अगदी निरोगी. नवरा गेला त्या दिवशीही रडल्या नव्हत्या, इतक्या मोठ्यानं बाई रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी हॉस्पिटलात गेल्या. गाठ वाईट निघाली, पण लहान होती. वेळेवर काढता आली. आणखी चार महिने ड्रायरला विचारत बसल्या असत्या, तर तसं म्हणता आलं नसतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

नणंद आपल्या गावी परतली. आता ती रोज फोन करते, पण फोन ठेवल्यावर घर रिकामंच असतं. ते दुःख खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण गेलेलं माणूस यंत्राच्या तोंडून बोलत नाही. बोलतो तो बाजूला उभा असलेला धूर्त, आणि तो नेमकं आपलं एकटेपण हेरतो. म्हणून कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी घड्याळ बघा, मागचा पत्रा उघडा, आणि जिवाचा प्रश्न ज्याला खरंच उत्तर माहीत आहे, त्यालाच विचारा.