लाल उजेडातली प्रतवारी

मित्रांनो, मी देवळ्याच्या एका कांद्याच्या खळ्यातली जुनी लाल ताडपत्री आहे. माझे कोपरे फाटलेत, रंगही विटलाय. राग मात्र अजून तसाच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण माल झाकू, पिकाची राखण करू. पण व्यापारी गोटीरामशेठनी खळ्यावरची पांढरी ताडपत्री काढली आणि मला ताणलं. कारण एकच. माझ्यातून झिरपणाऱ्या उजेडात फिका कांदाही लालभडक दिसतो. गिऱ्हाइकं यायची, "काय रंग आहे!" म्हणायची. कौतुक कांद्याचं होई, लबाडी मात्र माझ्या अंगावर!

माझ्याखाली दहा बायका दिवसभर कांदा निवडत. पंधरा दिवसांत त्यांची डोकी ठणकू लागली, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. बाहेर गेल्यावर पांढरी भिंतसुद्धा त्यांना हिरवट दिसे. एरवी हसत-खिदळत काम करणाऱ्या त्या बायका पाटी सरकवण्यावरून एकमेकींवर खेकसू लागल्या.

"शेठ, हे लाल काढा. लय मळमळतं याच्याखाली," त्यांच्यातली जुलेखा म्हणाली.

"काम नको म्हणून बहाणे सगळे," शेठ म्हणाले आणि फोनवर बोलत निघून गेले.

मग एक दिवस गाडीभर माल परत आला. कितीतरी कांद्यांवर काजळी, म्हणजे काळी बुरशी धरलेली. माझ्या अंधुक लाल उजेडात ते काळे डाग कुणाला दिसलेच नव्हते. शेठनी सगळ्यांत वयस्कर भागीबाईला धरलं.

"आंधळी झाली का तू? उद्यापासून येऊ नको."

भागीबाई तीस वर्षं कांदा निवडत आली होती. ती पदराने डोळे पुसत राहिली. मला तोंड असतं तर मी खळं डोक्यावर घेतलं असतं!

ते काम जुलेखाने केलं. तिने दोन कांदे शेठपुढे धरले.

"यातला चांगला कोणता? सांगा ना!"

शेठनी एक उचलला.

"आता उन्हात या."

उन्हात त्या कांद्यावर बोटभर काजळी होती.

"मग भागीमावशीला कशाला बोलता?"

सगळ्या बायका उठल्या आणि फाटकाबाहेर जाऊन बसल्या. दुपारपर्यंत एक पाटी हलली नाही. शेवटी शेठनी मला उतरवून पांढरी ताडपत्री पुन्हा चढवली.

"भागीबाई, चला आता कामाला."

"मी आंधळी हाय ना, शेठ? आधी या सगळ्यांसमोर सांगा, माझे डोळे चांगले हायेत."

शेठ जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं."

त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं. मगच भागीबाई उठली.

मित्रांनो, आता मी खळ्यामागे पेंढ्यावर पडून असते आणि त्यात मला आनंद आहे. तुम्ही मोठे व्हाल, दुकानं, शाळा, दवाखाने रंगवाल. तेव्हा बघायला येणाऱ्याला रंग आवडला का, हे नंतर विचारा. आधी तिथे दिवसभर बसणाऱ्या बाईला विचारा, "मावशी, डोकं तर दुखत नाही ना?" आणि ती दुखतं म्हणाली, तर तिला खोटी ठरवू नका.